डाव्या अंगाला

१

गोविंदा घड्याळजीचा डोळा दर रविवारी सकाळी धुतला जायचा.

वरसे गावातल्या त्याच्या घरात मधल्या खोलीला उजेड यायचा तो मागच्या दारातून. म्हणून गोविंदा दाराकडं तोंड करून पाटावर बसायचा आणि त्याची बायको बायजा दाराकडं पाठ करून त्याच्यासमोर. पाणी आधीच उकळून निववलेलं असायचं. गोविंदा खालची पापणी बोटानं ओढायचा, डोळा सुटून तळहातावर यायचा, आणि मान दुसरीकडं फिरवून तो हात पुढं करायचा. मनगटी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना न हलणारी त्याची बोटं हा डोळा हातात आला की लटलटायला लागायची. म्हणून तो धुवायचा आणि परत बसवायचा, ही दोन्ही कामं बायजाची.

लोक काचेचा डोळा म्हणत, पण होता प्लास्टिकचा. मुंबईच्या कारागिरानं उजव्या डोळ्याशी जुळवून रंगवलेला. पांढऱ्यात रेशमाच्या धाग्यासारख्या लाल शिरासुद्धा काढल्या होत्या. बाहुली मात्र नुसता काळा ठिपका. खऱ्या डोळ्याची बाहुली उन्हात बारीक होते, काळोखात फुगते. ही कायम तेवढीच्या तेवढी.

रोह्याजवळच्या अष्टमी गावात, पुलाजवळ त्याचं टपरीवजा दुकान होतं. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "घड्याळजीला तसा पन एकच डोळा लागतो, दुसरा मिटायलाच असतो." गोविंदा हसून साजरं करायचा. धंदा खरंच बुडाला नव्हता. बाकी सगळं बदललं होतं. चहा कपाबाहेर सांडायचा. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागायची. डाव्या अंगानं कुणी आलं की अगदी जवळ येईपर्यंत पत्ता लागायचा नाही. मग सगळी मान फिरवावी लागायची.

त्या रविवारी बायजानं डोळा बसवला, पापणी सारखी केली, पदरानं गालावरचं पाणी टिपलं. आणि तिचा हात तसाच राहिला. ती त्याच्या डाव्या डोळ्यात बघत होती. मग तिनं वळून मागच्या दाराकडं बघितलं. परत डोळ्यात बघितलं. परत मागं.

"काय गो?"

"काय नाय. कोंबडी असंल."

गोविंदाला ते दार उजव्या डोळ्यानं लख्ख दिसत होतं. दारात ऊन होतं, पलीकडं पपईचं झाड होतं. कोंबडी नव्हती. कोणीच नव्हतं.

२

आदल्या उन्हाळ्यात त्यांची सरू गेली. सात वर्षांची पोर, एकुलती एक.

बायजाचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. सरू आजोळी राहायला गेली होती, तिला आणायला गोविंदा स्कूटरवरून गेला. परत येताना ती त्याच्या पुढ्यात उभी होती, दोन्ही हातांनी हँडल धरून. नागोठणं गेलं इथवर त्याला आठवतं. वडाखाली थांबून दोघांनी उसाचा रस प्यायला, तेही आठवतं. त्यापुढं काही नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचं टायर फुटलं हे त्याला पुढं इतरांनी सांगितलं. त्याला शुद्ध आली ती मुंबईच्या इस्पितळात, अर्धं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं, डावा डोळा गेलेला. तोवर इकडं पोरीची माती होऊनसुद्धा गेली होती.

बायजाला तिचं तोंड कुणी बघू दिलं नाही. मामानं, म्हणजे बायजाच्या भावानं, कान्हूनं, पोरीला गुंडाळूनच घरी आणलं. बायजा कापड सोडवायला धावली तेव्हा तिच्या आईनंच, धोंडुबाईनं, तिचे हात धरले. "नको बघू गो. हाय तशी डोल्यापुढं ऱ्हाऊ दे." चार बायांनी तिला ओढून घरात नेलं.

गोविंदा घरी आल्यावर बायजानं त्याला एकदाच विचारलं, "शेवटाला काय बोलली?"

"आठवत नाय."

"कायच नाय?"

"नाय गो."

तो खोटं बोलत नव्हता. पण त्या दिवसापासून ती त्याच्याकडं अशी बघायची, जशी माणसं कुलूप लावलेल्या खोलीकडं बघतात.

३

पुढच्या रविवारची वाट तिनं बघितली नाही. दुसऱ्याच सकाळी पाणी उकळलं. तिसऱ्या सकाळी परत. डॉक्टरनं आठवड्यातून एकदा सांगितलंय, सारखा काढला-घातला तर आत सूज येते, असं गोविंदा म्हणाला. ती म्हणाली, "धुळीचं दिवस हायत." तो पाटावर बसला. खरं तर त्याला बरं वाटत होतं. सरू गेल्यापासून बायजा त्याच्या इतकी जवळ बसली नव्हती. तिचा श्वास त्याच्या तोंडावर यायचा.

डोळा बसवून झाला तरी ती उठायची नाही. बघत राहायची.

एका सकाळी तो म्हणाला, "एवढं काय बघतेस त्यात?"

बायजा हळूच म्हणाली, "हलू नका. सरू दारात उभी हाय."

गोविंदानं दाराकडं बघितलं. ऊन, पपई, दोरीवरचं धुणं.

"बायजा, दार मोकळं हाय."

"तुमच्या उजव्या डोल्यात पन मोकळंच दिसतं. डाव्यात ती हाय. एवढीशी. मागं वळलं की नसते." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात कुणी भेटल्याचं सांगावं तसा. "जांभळा फ्रॉक हाय अंगावर. पांढऱ्या कॉलरीचा. असला फ्रॉक मी तिला कधी घेतला नाय हो."

गोविंदाच्या अंगावर सरसरून काटा आला.

तो फ्रॉक कान्हूमामानं अपघाताच्या दिवशी सकाळीच पेणच्या बाजारातून आणला होता. पोरीनं तो तिथंच अंगात घातला, आईला दाखवायचा म्हणून काढायला तयार होईना. बायजानं तो फ्रॉक कधी बघितला नव्हता. गोविंदानं तिला सांगितला नव्हता, कारण सांगायला तोंडच उघडत नव्हतं.

मग त्याच्या मनानं त्याला समजावलं की कान्हू बोलला असेल. दिवसकार्याला एवढी माणसं जमली होती, कुणाच्या तोंडून तरी निघालं असेल. ती दुःखात ऐकून विसरली असेल आणि आता मनच तिला ते दाखवतंय. माणसाचं मन काय वाटेल ते करतं. घड्याळासारखं ते उघडून बघता येत नाही, एवढंच.

४

त्यानं आपल्या परीनं तपास केला. दाढीच्या आरशात, दाराकडं तोंड करून, डाव्या डोळ्यात निरखून बघितलं. आरशात त्याचाच सुकलेला चेहरा होता. दुकानात गिऱ्हाईक नसताना डोळा काढून मखमलीच्या तुकड्यावर ठेवला, उजव्या डोळ्याला भिंग लावलं आणि कापऱ्या हातानं तो उलटासुलटा करून बघितला. रंग, लाल धागे, काळा ठिपका. प्लास्टिकच्या तुकड्यात आणखी काय असणार?

कान्हू कामासाठी रोह्याला आला तेव्हा दुकानावर डोकावला. गोविंदानं सहज विचारावं तसं विचारलं, "त्या फ्रॉकचं बायजाला तू सांगितलंस का रे?"

कान्हूचा चेहरा पडला. "दाजी, मी घरातसुदा त्याचं नाव काढलं नाय. कशाला सांगू?"

त्या दुपारी गोविंदा टपरीत एकटा बसला होता. दुरुस्तीला आलेली घड्याळं खिळ्यांना टांगलेली, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. त्याच्या डाव्या कोपराला काहीतरी हलकंच घासून गेलं. अंगाला अंग चोरून लहान पोर फळकुटाखालून आत शिरतं, तसं. सरू दुकानात यायची ती तशीच यायची. त्यानं सगळी मान फिरवली. डावीकडं लाकडी फळ्यांची भिंत होती, आणि भिंतीत आणि त्याच्यात हात घालायलाही जागा नव्हती.

घरी आता मागचं दार दिवसभर उघडं असायचं. बायजा त्याच्याशी बोलायची, पण बघायची डाव्या डोळ्यात. जेवण वाढताना, पाणी देताना, तो काही विचारत असताना. त्याचा उजवा डोळा, जिता डोळा, तिच्याकडं बघत असायचा आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. एकदा तो चिडून म्हणाला, "मी हिकडं हाय गो."

"व्हय," ती म्हणाली, आणि डावीकडंच बघत राहिली.

५

"आज उंबऱ्याच्या आत आली," बायजा सांगायची. मग काही दिवसांनी, "आज चुलीपर्यंत." मग, "आता माज्या पाठीशी हाय."

"काय करते?"

"काय नाय. खाली मान घालून उभी ऱ्हाते. केस तोंडावर आलेत."

"तोंड?"

"अजून वर केलं नाय."

बायजाचं जेवण तुटलं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. गोविंदाची पापणी रोजच्या काढघालीनं सुजून लाल झाली, खोबणीतून पू यायला लागला. तपासणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर डोळा घालायचा नाही, नाहीतर विकार आत जाईल. गोविंदानं ते घरी सांगितलं. बायजानं त्याचे पाय धरले. लग्नात नमस्काराला वाकली होती, त्यानंतर प्रथमच.

"आज एक दिवस. फकस्त आज. ती आज वर बघनार हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"आई हाय मी."

नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर त्यालाही पाहिजे होतं. तीच त्याचीही पोर होती. आपल्याच डोळ्यात ती उभी आहे आणि आपल्यालाच दिसत नाही, हे दुःख त्यानं कुणाला सांगायचं?

सकाळची वेळ होती. शेजारी कुणीतरी धुणं आपटत होतं. बायजानं सुजलेल्या पापणीखाली डोळा सरकवला तेव्हा त्याला मस्तकापर्यंत कळ गेली. तो हलला नाही. ती बघत होती. धुणं आपटायचा आवाज मध्येच थांबला, आणि मग कसलाच आवाज राहिला नाही.

बायजाचा चेहरा हळूहळू बदलला. आधी ओठ उघडले. मग सगळं तोंड असं झालं, की गोविंदानं जन्मात कुणाचं तसं बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघायचं धाडस त्याला झालं नसतं. ती ओरडेल असं त्याला वाटलं. ती ओरडली नाही.

"फडकं द्या," ती म्हणाली. "ओलं करून द्या."

"कशाला?"

"तिचं तोंड पुसायला पायजे हो. असं कसं ठेवलं तिला? कुनी पुसलं पन नाय?"

त्यानं पाटाजवळचं फडकं पाण्यात बुडवून दिलं. बायजा डोळ्यावरची नजर न काढता हात मागं नेऊन पुसायला लागली. गोविंदाला उजव्या डोळ्यानं तिच्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. मागं कोणी नव्हतं. रिकाम्या हवेत, सात वर्षांच्या पोरीच्या उंचीवर, बायजाचा हात फिरत होता. पण हवेत फिरणारा हात जसा फिरतो तसा नाही. फडकं कशावर तरी टेकत होतं. कपाळावरून सरळ येत होतं, भुवईशी थांबत होतं, गालावर वळत होतं. एका जागी खळगा होता, आणि त्या खळग्यात कापड दबत होतं.

गोविंदानं दोन बोटं पापणीत घातली आणि डोळा उपटून काढला.

"कुठं गेली?" बायजा किंचाळली. "अहो, कुठं गेली? घाला! घाला तो!"

फडकं खाली पडलं. तो ते बघायला थांबला नाही. मूठ आवळून घराबाहेर पडला, अनवाणी, भरल्या रस्त्यानं, पुलापर्यंत. कुंडलिका नदीला भरपूर पाणी होतं. त्यानं मूठ उघडली. पाण्यात काही पडल्याचा आवाजसुद्धा त्याला आला नाही.

६

बायजानं त्याला शिवी दिली नाही. रडलीही नाही. तो परत आला तेव्हा ती पाटावर बसून होती.

"टाकला?"

"व्हय. तुला घेऊन गेली असती ती."

"गेली असती तर गेली असती." थोड्या वेळानं ती म्हणाली, "एकच बाजू पुसून झाली होती. दुसरी तशीच ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी दोन लुगडी पिशवीत घालून ती पेणची गाडी धरून माहेरी गेली. गोविंदानं तिला अडवलं नाही.

महिना उलटला. खोबणीतली सूज उतरली. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून तो दुकान चालवायचा. लोकांची चेष्टा बंद झाली होती. घरी गेलं की घर त्याला खायला उठायचं. मागचं दार त्यानं लावून घेतलं होतं, त्यामुळं मधली खोली भरदिवसा अंधारी असायची. त्या अंधारात पाटावर बसून तो स्वतःशी कबूल करायचा की त्यानं बायजाला वाचवलं नव्हतं. त्याला भीती वाटली होती. स्वतःच्या पोरीची.

शेवटी एका शनिवारी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि तो पेणला गेला.

७

धोंडुबाई ओटीवरच बसली होती. जावयाला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. "मिठागरावं हाय ती. रोज जाऊन बसते. काम नाय, काय नाय." मग तिचा आवाज फुटला. "माजंच चुकलं, बापू. बघू द्याला पायजे होतं मी तिला. आई होती ती."

गोविंदा बांधावरून चालत गेला. मीठ काढायचे दिवस होते. दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोन आणि बांधाच्या कडेनं मिठाच्या राशी, उन्हानं इतक्या पांढऱ्या की बघवत नव्हतं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. बांध कुठं संपतो आणि पाणी कुठं लागतं, ते पाय टेकवून बघावं लागत होतं. पाण्याच्या कडेला बायजा बसली होती.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्या उजव्या डोळ्याकडं बघितलं.

"जेवला का?"

"नाय."

"वाळलात."

"तू पन."

एवढंच. गोविंदाला तिची माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. तो नुसता तिच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग तिच्या डोळ्यांत. मिठाच्या उजेडानं तिची बुबुळं चकचकत होती. तिळाएवढ्या वस्तू बघण्यात त्याचा जन्म गेला होता. तिच्या बाहुलीत त्याला स्वतःची इवलीशी छबी दिसली. पांढरी पट्टी. मागं पांढऱ्या राशी.

आणि पट्टीच्या बाजूला, त्याच्या डाव्या अंगाला, अगदी खांद्याशी, एक जांभळा ठिपका.

त्यानं मान फिरवली नाही. मान फिरवली तर तिथं कोणी नसेल, हे त्याला आता ठाऊक होतं. डाव्या कानाशी थंड वाटत होतं. पाण्याजवळ सावलीत वाटतं तसं. आसपास सावली कुठंच नव्हती.

"बायजा," तो म्हणाला, "पापनी नको मिटूस."

तिनं एक क्षण त्याच्याकडं बघितलं. कोण, काय, काही विचारलं नाही. पदराचा शेव तिनं बाजूच्या पाण्यात बुडवला, मग थबकली. "हे खारं हाय. झोंबंल तिला." तिनं तो पिळून टाकला, जवळच्या तांब्यातलं गोडं पाणी त्यावर ओतलं आणि ओला शेव त्याच्या डाव्या हातात दिला.

"कंची बाजू ऱ्हायली ते दिसतंय?"

"दिसतंय," गोविंदा म्हणाला. त्यापलीकडं त्याला काय दिसलं ते त्यानं पुढं कधीही कुणाला सांगितलं नाही.

हात त्यानं डावीकडं नेला. आरशात बघून काम करताना होतो तसा घोटाळा झाला, हात आधी भलतीकडंच गेला. मग टेकला. त्याचं सगळं अंग शहारलं, पण या वेळी हात कापला नाही. तो हळूहळू पुसू लागला.

"नाकाशी जपून," बायजा म्हणाली. "तिला आवडत नाय नाकाशी."

"व्हय."

समोरून मिठाचा पांढरा उजेड तिच्या तोंडावर येत होता. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पापण्या थरथरत होत्या, पण तिनं त्या मिटू दिल्या नाहीत. तिला काहीच दिसत नव्हतं. ती फक्त डोळे उघडे ठेवून बसली होती.

"झालं?" तिनं विचारलं.

तोंड केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"नाय," गोविंदा म्हणाला. "अजून थोडं ऱ्हायलंय."